डिकीवरचं नाव

४ मार्च
आज डिकीवरचं नाव काढलं. दुकानाच्या डायरीत असलं काही लिहायचं नव्हतं. पण दुसरी वही नाही आणि सांगावं असं माणूसही नाही.
परवा बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, दर्शनाला गेलो तेव्हा आदाप्पाण्णांनी हटकलं. समाजातले वडीलधारे, त्यांना उलट कोण बोलणार. म्हणाले, "बाबू, दीक्षा होऊन महिना झाला. आता ते नाव गाडीवर बरं दिसत न्हाय. त्या आता माताजी हाईत." खरंच आहे. लेक साध्वी, आर्यिका झाली की जुनं नाव संपलं. घरातसुद्धा घ्यायचं नाही. म्हणून इथे नुसतं 'प.' लिहीन. नवीन नाव लिहायला हात धजत नाही.
गरम पाण्याचा फडका, थोडं रॉकेल, आणि नख. नऊ वर्षांचं पांढरं रेडियम, तुकड्यातुकड्यानं निघालं. पुसून बघतो तर नाव तिथेच. सगळी डिकी विटून विटकरी झालीय, अक्षरांखालचा रंग मात्र गाडी आणली त्या दिवशीचा. लालभडक. पूर्वी जवळ आल्यावर वाचता यायचं, आता रस्त्यापलीकडून येतं.
सौ. चहा घेऊन आली. बघितलं. कप टपावर ठेवून आत गेली.

५ मार्च
जन्मभर निपाणीत कापड विकलं. गिऱ्हाइकाला सांगत आलो की लाल घ्या, पण उन्हात वाळवू नका. दुकानात मांडून ठेवलेल्या ठाणाची बाहेरची घडी विटते, आतली तशीच राहते. हे मला ठाऊक नव्हतं थोडंच. तरी काल बावळटासारखा उभा राहिलो.
गाडी घेतानाही म्हटलं होतं, लाल नको. प. तेव्हा अकरावीत. म्हणाली, "विटला तर विटला, आप्पा. तोवर तर लाल असंल की." नावही तिनंच हट्टानं घालून घेतलं. एकुलती एक. कोण नाही म्हणणार.

१२ मार्च
चिकोडी रोडच्या बसू पेंटरकडे गाडी नेली. त्यानं बोटानं डिकी घासून दाखवली, बोट लाल झालं. म्हणाला, "लालाचं असंच असतंय बघा आण्णा. उन्हानं वरचा थर मरतोय. पांढरी घेतली असतीसा तर ही कटकट न्हवती."
पांढरी. तिच्या अंगावर आता पांढरंच आहे, आणि ते विटायचं नाही.
उपाय दोन. मशीन लावून सगळी डिकी घासायची. मेलेला थर निघून खालचा लाल वर येतो, मग नाव त्यात मिसळून जातं. नाहीतर उन्हात सोडून द्यायची, नावही विटेल. किती दिवसांत ते विचारलं. त्यानं खांदे उडवले. मग अक्षरं वाचली, माझ्याकडे बघितलं, आणि काम घेतोच म्हणाला नाही. "इरली बिड्री, आण्णा." राहू द्या म्हणे.
राहू देणं माझ्या हातात आहे का.

२ एप्रिल
आदाप्पाण्णांनी 'जय जिनेंद्र' लिहिलेलं मोठं रेडियम पाठवलं. वरून चिकटवा, झाकून जाईल म्हणे. फडका घेऊन बसलो. मग लक्षात आलं की हे वर चिकटवलं तर खालचा रंग कधीच विटणार नाही. आपण मरेपर्यंत ते नाव लाल राहील, आणि कुणाला कळणारही नाही.
आनंद झाला. खोटं कशाला लिहू, फार आनंद झाला. दुसऱ्याच क्षणी लाज वाटली. देवाच्या नावाआड चोरी करायला निघालो होतो. रेडियम गुंडाळून कपाटावर टाकलं.

१९ एप्रिल
अजून लोक घरी येतात. भाग्यवान आईबाप म्हणतात. सौ. सगळ्यांना सरबत देते. कुणी गेलं असतं तर लोक गप्प तरी बसले असते, इथे पेढे घेऊन येतात. मी हसतो. हसून हसून गाल दुखतात.
तिला अडवलं नाही, याचा पश्चात्ताप नाही. अडवायला पाहिजे होतं, असंही वाटत नाही. मग हे काय आहे, ते कळत नाही.

६ मे
उन्हातच सोडायची ठरवली. दुपारपासून डिकी पश्चिमेकडे करून ठेवतो. ऊन कडक आहे.

१८ मे
फरक नाही. उलट, आजूबाजूचा रंग आणखी विटला म्हणून अक्षरं जास्तच उठली.

१४ जून
पाऊस. गाडी पुसताना पुढच्या सीटखाली प.च्या चपला सापडल्या. डावीचा अंगठा तुटलेला, सेफ्टी पिन लावलेली.
गाडी शिकली त्या वर्षी पावसात आम्हा दोघांना जांबोटीवरून कणकुंबीला घेऊन गेली होती. धुक्यात पुढचं काही दिसत नव्हतं. मी सारखा ब्रेक ब्रेक करतोय आणि ही हसतेय. आता जन्मभर वाहनात बसायचं नाही. अनवाणी चालायचं, उन्हात, खडीवर. आणि मी चार चाकांवर भाजी आणायला जातो.
चपला परत सीटखालीच ठेवल्या.

२१ जुलै
तिचा चातुर्मास काकतीजवळच्या एका गावात आहे. दोघे जाऊन आलो. लांबून ओळखू आली नाही. केस उपटलेले, मान बारीक. मी गुडघे टेकून "वंदामि माताजी" म्हणालो. ज्या आवाजात पुढच्या बाईला आशीर्वाद दिला, त्याच आवाजात मला. नजर खाली.
परत येताना सौ. म्हणाली, "वाळलीया."

१० ऑगस्ट
हे लिहावं की नाही. लिहितो.
आज तिला आहार द्यायचा मान आम्हाला मिळाला. दिवसातून एकदाच जेवण, तेही ओंजळीत. काही विपरीत झालं, केस निघाला, मुंगी निघाली, कुणी रडलेलं कानावर आलं, की अंतराय. ओंजळ सुटते. मग दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्याचा थेंबही नाही. तिथल्या बायकांनी सौ.कडे बघून तीनदा बजावलं, रडायचं नाही. सौ.नं मान हलवली. मी म्हणालो, आम्ही काय लहान आहोत का.
सौ.नं भात वाढला. एक घास. दुसरा घास. मग मी दूध ओतायला पुढे झालो आणि ओंजळीत बघितलं. उजव्या करंगळीवर भाजल्याचा डाग. सातवीत असताना पहिली भाकरी थापली होती, तेव्हाचा. माझ्या घशातून आवाज निघाला. मी काढला नाही, निघाला.
तिनं ओंजळ सोडली. दोन घास झाले होते. हात धुतले, उठली. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. राग असता तर बरं झालं असतं.
बाहेर ओसरीवर सौ. म्हणाली, "बायकांनी मलाच सांगितलंतं न्हवं, रडू नगो म्हणून?" मी पोरीला उपाशी ठेवलं. दोन घासांवर, चोवीस तास.

११ ऑगस्ट
आम्ही दोघेही जेवलो नाही. त्यानं तिचं पोट भरत नाही, कळतं.

१६ ऑगस्ट
आता समजलं, आदाप्पाण्णा बरोबर सांगत होते. माझी माया तिच्या ओंजळीत मुंगीसारखी पडते. नाव घासून टाकायचं. बसूला फोन केला. पाऊस संपू द्या म्हणाला, ओलीत मशीन लावत नाही.

९ नोव्हेंबर
पाऊस संपून किती दिवस झाले. बसूनं दोनदा विचारलं, मी दोनदा टाळलं. रोज सकाळी शटर उघडायच्या आधी डिकीकडे बघतो. परवा त्यावर जुन्या साडीचा तुकडा टाकलेला दिसला, चार कोपऱ्यांना दगड. सौ.ला विचारलं. म्हणाली, "कबुतरं घाण करत्यात." आमच्या गल्लीत कबुतरं नाहीत.

२८ नोव्हेंबर
निरोप आला. माताजींचा संघ परवा सकाळी निपाणीवरून कोल्हापूरकडे निघणार. आमच्या दुकानावरूनच जाणार. बसूला त्याच दिवशी दहाची वेळ दिली. गाडी मीच त्याच्या शेडला नेणार. एकदा तिचं जाणं बघू, मग हेही संपवू.

३० नोव्हेंबर
सकाळचे साडेनऊ.
पहाटेच उठलो. गाडी दुकानासमोर, डिकी रस्त्याकडे. फिरवून लावतो म्हटलं, वाऱ्यानं साडीचा तुकडा उडाला तर तिला नाव दिसायला नको. सौ.नं बाहेर येऊन तो तुकडाच ओढून काढला आणि घडी घालून काखेत धरला. म्हणाली, "असू द्या. त्यास्नी कुठं वर बघायचं असतंय."
खरं होतं. चार हात पुढची जमीन बघत चालायचं, पायाखाली जीव येऊ नये म्हणून. सातच्या सुमाराला आल्या. पाच जणी, पुढेमागे समाजाची माणसं. ती तिसरी. टाचा फुटलेल्या. आम्ही हात जोडले. नजर खाली ती खालीच.
गाडीच्या मागे येऊन थांबली.
वर बघितलं नाही, हे शपथेवर सांगतो. मोरपिसांची पिंछी खाली करून समोरची जमीन झाडली. एकदा. मग आणखी एकदा. मागच्या दोघी थांबून राहिल्या. मग पाऊल टाकलं आणि गेली.
मी म्हणालो, "थांबली." सौ. म्हणाली, "मुंग्या असतील."
सगळे वळणापलीकडे गेल्यावर मी जाऊन वाकून बघितलं. काँक्रीट स्वच्छ. एक मुंगी नाही. पण तिनंच झाडलेलं, राहतील कशा. गेल्या असतील. नसतीलही. आता कुणाला विचारणार. तिला विचारायची सोय नाही.
बसूचा फोन येऊन गेला, मशीन तयार आहे म्हणे. गाडीची किल्ली खुंटीवर नाही. सौ.ला विचारलं. ती पोळ्या लाटतेय, डाव्या हाताची मूठ मिटलेली, एकाच हातानं लाटतेय.
म्हणते, सापडत नाही.
मी बाहेर येऊन पायरीवर बसलोय. ऊन डिकीवर आलंय. पल्लवी.