वेगळं ताट

महाड, १९ फेब्रुवारी १९६२

प्रिय तुळसा,

भेकड म्हणालीस ते कबूल. पण ‘सोवळ्यातला बामण’ म्हणालीस ते मला मान्य नाही, ते परत घे! म्हणे गोष्टींतून जातपात जाळतो आणि शेतकऱ्याच्या घरी आलं की ताट वेगळं मागतो. हैबतीसमोर, श्रीधरसमोर सुनावलंस. आता लिहितोय, म्हणजे तुला मध्येच तोडता यायचं नाही.

खरं सांगू? तुडीलला तुमच्या पडवीत शिरलो तेव्हा कित्येक महिन्यांनी मला भूक लागली. तुझा भाऊ हैबती बोटीवरच्या भटारखान्यातून सुटीवर आलेला, सोबत लाल मेणातला चीजचा गोळा. चुलीवर टोपात ते वितळायला लागलं तशी तुझी आई नाकाला पदर लावून म्हणाली, “नासलंय रे हे!” हैबती म्हणाला, “नासलेलंच आसतं गो आये, सायब बोटं चाटून खातात.” मग टोप मधोमध ठेवून त्याने बांबूच्या काड्या वाटल्या. पावाचा तुकडा टोचायचा, बुडवायचा, खायचा, परत तीच काडी टोपात. “बोटीवर धा मानसं एका टोपात. तिथं कुनाचं उष्टं नाय.” माझ्यासोबत आलेल्या श्रीधरने, चांगल्या भिक्षुकाच्या नातवाने, सगळ्यांच्या आधी काडी बुडवली. चीजची तार त्याच्या हनुवटीवरून शर्टावर आली. तू हसता हसता माझ्याकडे बघितलंस. का, ते मला माहीत होतं. मी त्या टोपातलं खाल्लं की तू आईकडे आपल्या लग्नाचं काढणार होतीस.

आणि मी म्हणालो, मला वेगळं वाढा.

तुझी आई चिडली असती तर बरं झालं असतं. “आसू दे गो, त्यांच्यात नाय चालत,” असं तुलाच समजावत तिने पळीने माझ्या ताटात काढून दिलं. मिनिटभरात ते थिजून रबर झालं. पावाचा तुकडा अर्धा खाल्ला, अर्धा तसाच ठेवला.

दिवाळीत मुंबईला गेलो तो छापखान्याच्या कामाला नाही. छातीचा फोटो काढायला. मलेरिया म्हणून तुला सांगितलं होतं, तेव्हाही इंजेक्शनं क्षयाचीच चालली होती. आता दोन्ही बाजू धरल्यात. डॉक्टर म्हणाले, सॅनेटोरियममध्ये जा. बरा होशील, असं नाही म्हणाले. तुमच्या टोपात माझी काडी कशी घालू?

हे तुला सांगायचं नव्हतंच. बामण म्हणून शिव्या देत विसरून गेली असतीस, मला सोयीचंच होतं. पण तू उठलीस, “बघ, आम्हाला तुझं उष्टं चालतं,” म्हणालीस आणि माझ्या ताटातला तो चावलेला तुकडा तोंडात टाकलास. मी हात धरेपर्यंत गिळलासही. म्हणून हे पत्र. डॉक्टरांना छाती दाखव. फोटोला मुंबई गाठावी लागली तरी हैबतीबरोबर जा, शाळेत रजा टाक. बारीक ताप आला तरी अंगावर काढू नकोस. तुळसा, एवढं कर. पत्र श्रीधरकडे देतोय. तो तुडीलला पोचेल तोवर माझी एस.टी. पोलादपूर सोडून घाटाला लागलेली असेल. कुठे उतरणार ते त्यालाही सांगितलेलं नाही.

तुझाच,
गंगाधर