उशीच्या अभ्र्यातलं मतदान

२ मार्च, सोमवार. सकाळी ६
(खरं तर ८.४०. पण ६ हेच धरायचं.)

आजपासून रोज सहाला उठणार. गजर झाला होता, पण घड्याळ बायकोच्या उशाशी होतं. त्यामुळे आजचा दिवस मोजत नाही.

२२ तारखेला घरचं मतदान. आमच्या गाद्यांच्या कारखान्याचा प्रमुख कोण, ते त्या दिवशी ठरतं. सध्या धाकटी. माझी सख्खी बहीण, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. बाबा गेल्यावर तात्पुरती म्हणून खुर्चीत बसली, त्याला नऊ वर्षं झाली. उठायचं नाव नाही. मी थोरला. माझ्या व्हिजिटिंग कार्डावर काय आहे, तर 'संचालक, विशेष'. विशेष म्हणजे नक्की काय, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही. मीही विचारत नाही. उगाच कशाला.

ठरलं. यंदा खुर्ची माझी.

३ मार्च, मंगळवार

धाकटीचं समाजसेवेचं खूळ. दर वर्षी चाळीस गाद्या वृद्धाश्रमाला फुकट. बरं, देऊन गप्प बसेल तर ती धाकटी कसली! वर्ष झालं की नव्या गाद्या देऊन त्याच जुन्या परत आणते आणि टेबलावर टाकून स्वतः कात्रीने उसवते. कापसाचे गोळे कुठे झाले, टाका कुठे सुटला, ते बघत बसते. कंपनीची प्रमुख, आणि केसांत कापूस! शेजारी तो फोरमन माना डोलावत उभा. लाळघोट्या.

दान कसं करावं? एक गादी, एक म्हातारा, एक फोटो. संपलं. हिला मेलीला काही स्टाईलच नाही.

दुपारी आयडिया सुचली. आश्रमात जाऊन या गाद्यांबद्दलच्या तक्रारी गोळा करायच्या आणि सगळ्यांसमोर हिच्या पदरात टाकायच्या. उद्याच जातो.

५ मार्च, गुरुवार

काल गेलो नाही. गाडी धुवायला दिली होती. आज गाडी स्वच्छ होती, म्हणून गेलो नाही. रस्त्यावर किती धूळ!

९ मार्च, सोमवार

गेलो. लांबलचक खोली, दोन रांगांत खाटा, प्रत्येक खाटेवर आमची गादी आणि तिच्यावर एकेक तक्रारखोर. मला काय हवं होतं? हेच.

दाराजवळच्या खाटेवर एक रिटायर्ड शिक्षिका. मी दोन शब्दांत लिहून घेत होतो, तर म्हणाल्या, पूर्ण वाक्य लिहा. लिहिलं. मग म्हणाल्या, अक्षर वाचता येत नाही, पुन्हा लिहा. वयाच्या बावन्नाव्या वर्षी मला पान पुन्हा लिहायला लावलं! वर विचारलं, कंपनीत तुम्ही काय करता? मी म्हटलं, विशेष. म्हणाल्या, हेही पूर्ण वाक्यात सांगा.

एकूण एकतीस तक्रारी. त्यातल्या एकोणीस एकच: उठायला म्हणून काठावर बसलं, की काठ दबतो आणि माणूस घसरतो. एक आजोबा पडलेसुद्धा, मनगटाला प्लास्टर आहे. मला वाईट वाटलं. आणि आनंदही झाला. दोन्ही खरं.

धाकटी, भरला तुझा घडा!

१० मार्च, मंगळवार

कारखान्यात, सगळ्यांदेखत, वही तिच्या टेबलावर आपटली. आवाज छान झाला.

तिने एकतीसच्या एकतीस तक्रारी वाचल्या. प्लास्टरवाल्या आजोबांपाशी थांबली, डोळे पुसले. मग जवळच्या गादीच्या काठावर जाऊन बसली. घसरली. उठून पुन्हा बसली. पुन्हा घसरली. फोरमनला म्हणाली, आपण उसवून आत बघत राहिलो, काठावर बसून कोणी बघितलंच नाही. आणि मला म्हणाली, दादा, हे तुला सुचलं!

मी हुशारीने वही परत काखेत मारली. तिचा चेहरा पार पडला होता. टरकली.

१४ मार्च, शनिवार

चार दिवसांत गाद्यांना नवे काठ. दुहेरी शिलाई, आत घट्ट पट्टी. जुन्या चाळीसही बदलून दिल्या. फोरमन माझ्याकडे येऊन म्हणाला, साहेब, इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुमचा उपयोग झाला. या माणसाची हिंमत बघा! खुर्चीत बसलो की पहिला हाच घरी.

धाकटीने मला दर सोमवारी आश्रमात तक्रारी घ्यायचं काम दिलंय. सकाळी आठला. डाव लगेच लक्षात आला. मला कारखान्यापासून लांब ठेवायचंय. एवढी घाबरलीये मला.

१७ मार्च, मंगळवार

काल आश्रमात गेलो नाही. प्रचार महत्त्वाचा.

मतदानाची पद्धत आमच्या आजोबांनी घालून दिलेली. प्रत्येकाला गादीची दोन बटणं, एक पांढरं, एक काळं. पांढरं म्हणजे आहे तो प्रमुख राहू दे. काळं म्हणजे बदला. त्यातलं एक मुठीत धरून उशीच्या अभ्र्यात टाकायचं. काळी जास्त निघाली, तर खुर्ची दुसऱ्या भावंडाला, म्हणजे मला. पांढरी जास्त निघाली पण एखादं जरी काळं असलं, तर पुढच्या वर्षी पुन्हा मतदान. सगळी पांढरी निघाली, तर दहा वर्षं विषय बंद. तसं आमच्या घरात कधीच झालेलं नाही.

मतं पाच. आई, काका, बायको, धाकटी, मी.

आईला विचारलं. म्हणाली, तू माझा थोरला ना रे. एक काळं.
काकांना विचारलं. म्हणाले, बघू. काकांचं बघू म्हणजे हो. दोन.
बायकोला विचारलं. म्हणाली, तुम्ही आधी बाथरूमचा नळ दुरुस्त करा. संसारात एवढा होकार पुष्कळ. तीन.

जिंकलो.

२१ मार्च, शनिवार

भाषण लिहून झालं. नवा शर्ट इस्त्री झाला. नळ राहिला.

एक झकास कल्पना. तीन काळी नक्की आहेत, म्हणजे माझ्या बटणाची गरजच नाही. मग मी पांढरं टाकणार! तेही मूठ उघडी ठेवून, धाकटीला दिसेल असं. जिंकल्यावर सगळे म्हणतील, काय मोठ्या मनाचा माणूस, स्वतःविरुद्ध मत दिलं. पराभवात तिला तेवढाच आधार. बिचारी.

२२ मार्च, रविवार. दुपारी १

टेबलावर अभ्रा उलटा केला.

पाच पांढरी.

काकांनी पुन्हा मोजली. पाचच. मी अभ्रा झटकला. आत काही नव्हतं.

धाकटी रडायला लागली. पर्समधून एक कागद काढला. राजीनामा. कालच लिहिलेला. म्हणाली, एक जरी काळं निघालं असतं, तरी मी खुर्ची सोडणार होते. घरात फूट पाडून मला कंपनी चालवायची नाही. सगळं दादाला देऊन मी नुसता आश्रम बघणार होते. मग आईकडे वळून म्हणाली, मला फक्त दादाचीच धास्ती होती गं. आणि त्यानेच मूठ उघडून मला पांढरं दाखवलं!

तिने तो कागद माझ्यासमोर फाडला. चार तुकडे. मी हात पुढे केला होता. तिला वाटलं, मिठीसाठी. तिने मिठी मारली.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी. काका म्हणाले, मोठा झालास. बायकोचेसुद्धा डोळे भरले. म्हणाली, लग्नाला पंचवीस वर्षं झाली, आज पहिल्यांदा तुमचा अभिमान वाटला.

काय सांगू तिला? कोणालाच काही सांगता येणार नाही. दहा वर्षं.

२३ मार्च, सोमवार. सकाळी ६

आज खरंच सहाला उठलो. झोपच लागली नाही. आठला आश्रमात पोचायचंय. शिक्षिकाबाईंचा फोन येऊन गेला, मागच्या सोमवारी का आला नाहीत म्हणून. कारण पूर्ण वाक्यात लिहून आणा म्हणाल्या.