हॉल मुलीला, कपाट चिरंजीवांना

मी, खाली सही करणारी, गावात लिलाववाली बाई म्हणून ओळखली जाणारी, बुद्धी शाबूत असताना आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. शाबूत नाही तो फक्त संयम. तो ऑनलाइन बोली लावणाऱ्यांनी खाल्ला.

१. बँकेतली शिल्लक चिरंजीवांना. माझ्या स्वयंपाकघराच्या दारात अडलेलं शिसवी कपाटही त्यांनाच. परगावी बसून, फोनवर चुकून बोलीला बोट लागलं म्हणून त्यांनी ते घेतलं आणि आजतागायत नेलं नाही. हमाली त्यांची.

२. लिलावाचा हॉल, खुर्च्या, हातोडा, ऑनलाइन बोल्या दिसतात तो पडदा आणि कॅमेरे मुलीला. चिरंजीवांनी तिथे गोदाम करायचा विषय काढू नये.

मागाहून वाद नको म्हणून कारण लिहिते. पडदा मुलीनेच आणला. तेव्हापासून निम्मा दिवस "आवाज येतोय का?" यातच जातो. एकदा एका पियानोवर "एक वार, दोन वार, तीन वार" म्हणून मी हातोडा आपटला, तर ही ओरडली, "आई, थांब! पडद्यावर वरची बोली आलीय!"

"हातोडा पडला म्हणजे पडला."

"अगं, त्यांना तुझा आवाज उशिरा पोचतो!"

"मग त्यांनी इथे यावं. मी काय घरोघरी जाऊन पुकारू?"

पियानो समोरच्या गिऱ्हाइकाला गेला. मुलीने पडदा गुंडाळला आणि पावसाळाभर हॉलकडे फिरकली नाही.

मग गावातले घड्याळजी वारले. त्यांच्या बायकोने त्यांची हत्यारं लिलावाला आणली. हॉलमध्ये चार डोकी, त्यातली दोन पंख्याखाली बसायला आलेली. नवऱ्याची हत्यारं कवडीमोल जाताना बाई पहिल्या रांगेत बसून बघत होत्या. तेवढ्यात मागून मुलगी आली. कोणी कळवलं, देव जाणे. "आई, जरा थांब," म्हणाली आणि वायर जोडू लागली. या वेळी मी थांबले. परगावचे घड्याळजी पडद्यावरून त्या हत्यारांवर तुटून पडले. कोणाचा तरी कुत्रा अखंड भुंकत होता, ते वेगळंच. निघताना बाईंनी हात धरले ते मुलीचे, माझे नव्हेत.

३. मुलीचा नवा नियम असा, की तीन वार झाल्यावर पडद्यासाठी एक श्वास थांबायचं, मग हातोडा. मला तो पटलेला नाही. तरी माझ्या माघारी तो कोणी मोडू नये. हल्ली मीही थांबते. दम लागतो म्हणून, असं तिला सांगितलं आहे. ते खरं नाही.

सही: लिलाववाली बाई
साक्षीदार: शेजारचे दातांचे डॉक्टर (सही), हॉलचा जुना हमाल (सही)
ठिकाण: हॉलमागची खोली
तारीख: ९ मार्च