डावा पयला

बाबा, आपण सगळे उलटे नाचत होतो. हे मला दोन आठवड्यांपूर्वी कळलं, नालासोपाऱ्याच्या हॉलमध्ये, माझी मुलं दुसऱ्यांच्या मुलांवर आदळली तेव्हा. माझी म्हणजे माझ्या टॅपच्या, बूट वाजवत नाचायच्या वर्गातली. नाताळच्या कार्यक्रमात दोन वर्गांनी मिळून एक नाच करायचा आहे. पहिल्याच ठेक्याला विरारच्या वर्गाने उजवा पाय उचलला, माझ्यांनी डावा. नाच बसवणारा मुलगा तरुण आहे, सौम्य बोलतो. "मॅडम, आपण राइटने सुरू करतो ना? तुमची सगळीच लेफ्टी आहेत की काय?" म्हणाला. पुढच्या तालमीपर्यंत सुधारलं नाही तर तुमची मुलं मागे टाळ्या वाजवायला उभी करावी लागतील, हेही त्याने सांगितलं. मुलांची तोंडं एवढीएवढीशी झाली. माझंही झालं असावं.

लहानपणीचं अजून दिसतं: तुम्ही वाडीतून येता, केळीच्या चिकाने काळे झालेले हात धुता आणि बूट चढवता. बैलाच्या नालेचे तुकडे लोहाराकडून घासून आणून तुम्हीच तळाला ठोकलेले. नाचायचं स्वयंपाकघरात, कारण शहाबादी फरशी तिथेच होती. तुम्ही भिंतीकडे तोंड करून पुढे, मी आणि भाऊ मागे, आई चुलीपाशी अंग चोरून. "पाखड!" म्हणालात की चवडा पुढे घासायचा आणि तसाच मागे घ्यायचा, सुपात तांदूळ पाखडावे तसा. मग टाच. माझ्या वर्गातल्या मुलांनी सूप पाहिलेलं नाही, ती त्याला शफल म्हणतात. आई म्हणायची, "माझी कपबशी पन नाचाय लागली, तिला पन घ्या रांगेत." एकदा मी उजवा पाय आधी टाकला. तुम्ही मागे वळलासुद्धा नाहीत. तुमच्या कानाला कसं कळलं देव जाणे. "डावा! डावा पयला! कितींदा सांगू?" मी न जेवता झोपले. सकाळी बघते तर माझ्या डाव्या बुटात लाल नाडी ओवलेली. डावा विसरू नये म्हणून, तुम्हीच.

आता तुम्ही नाही, म्हणून तालमीनंतर मी सरळ आत्याकडे गेले. तुम्ही हे शिकलात कुठे, ते आम्ही कधी विचारलंच नव्हतं. आत्याला हसू आवरेना. "शिकतोय कुटे! जत्रेत तंबूत पिक्चर लागायचा. पुरुष पडद्याच्या पुढे, आमी बाया पडद्याच्या पाठी. हा आयचा पदर सोडीत नव्हता, म्हनून आमच्यात. तो गोरा मानूस बूट वाजवीत नाचाय लागला का हा पापनी नाय हलवायचा." मी विचारलं, मागून पडद्यावरची अक्षरं उलटी दिसत असतील ना? "आमाला कुटे वाचता येत होतं?" आत्या म्हणाली.

म्हणजे असं झालं. पडद्यामागून अक्षरांसारखे पायही उलटे दिसतात, उजवा तो डावा. तुम्ही जे दिसलं ते जिवापाड जपलंत आणि आयुष्यभर त्यावरून आम्हाला ओरडलात. आधी मला हसू आलं. मग घरी येताना रिक्षात तुमचा इतका राग आला की उतरायची जागा मागे गेली. त्या रात्रीचं न जेवणं फुकट गेलं, असं काहीतरी बालिश मनात येत होतं.

मग मी उजव्याने सुरुवात करून बघितली, घरी, गॅलरीत, जमेल तेव्हा. सावकाश असेपर्यंत जमतं. गाणं लागलं की डावाच उठतो. या वयात पाय कोणाचं ऐकत नाहीत. वर्गात मी तुमच्यासारखीच उभी राहते, पाठ मुलांकडे, त्यामुळे माझं बघून त्यांचाही डावाच. रविवारी हात टेकले. आपण टाळ्याच वाजवू, हे सांगायला मी मुलांकडे वळले. गाणं चालूच होतं. ठेका आला, माझा डावा पाय सवयीने उठला, आणि समोरच्या मुलांनी आरशात बघावं तसा त्याच बाजूचा पाय उचलला. त्यांचा उजवा. सगळ्यांचा.

आता मी त्यांच्याकडे तोंड करून शिकवते, तुमच्याच डाव्याने. कालच्या तालमीला कोणी कोणावर आदळलं नाही, मुलं पुढच्या रांगेत आहेत. तुम्ही एकदा जरी आमच्याकडे वळला असतात, तर आम्ही तेव्हाच सुलटे नाचलो असतो.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून सांगून टाकते. काल मुलं नाचताना मी त्यांच्या तोंडांकडे बघत होते. एक मुलगी तर ठेका चुकू नये म्हणून जीभ बाहेर काढून नाचते. तुमची पाठ मला लख्ख आठवते, मानेवरचा घाम, शर्टाची उसवलेली शिवण. नाचताना तुमचा चेहरा कसा दिसायचा, मला माहीत नाही.