साडूची घोळू

४ जून, रविवार
मेव्हणीकडे जेवलो. साडूने घोळूचं सॅलड केलं होतं. घोळू म्हणजे फुटपाथच्या फटीत फोफावते ती रानभाजी. लाल देठ, गुबगुबीत पानं, चव आंबट. ही म्हणाली, भावोजी, काय हाताला चव आहे तुमच्या! तीनदा म्हणाली. माझं ऑम्लेट बारा वर्षं निमूट गिळते. माझा जळफळाट वगैरे काही झालेला नाही.

५ जून, सकाळी
झालाय.
संकल्प: येत्या रविवारी साडूला आपल्या घरी घोळूच खायला घालायची. सूप, सॅलड, ऑम्लेट. हिच्या तोंडून कौतुक वदवून घ्यायचं, तेही त्याच्यासमोर.

७ जून
साडूचा फोन. म्हणे, साडूभाऊ, सकाळी खुडा, आंबटपणा जास्त असतो. विचारलं होतं कोणी? ड्रायव्हिंग स्कूलचा मास्तर, शिकवल्याशिवाय राहवत नाही. मी संध्याकाळीच खुडणार.

१० जून, शनिवार
ऑफिसच्या पार्किंगमागे घोळूच घोळू! पिशवी भरली. वॉचमन हसला. हसू दे, त्याला काय कळतंय. पानं साडूच्या घोळूपेक्षा पातळ, म्हणजे कोवळी. देठ तोडला की पांढरं दूध येतं. साडूच्या घोळूला कुठे होतं दूध? आपला माल पौष्टिक. अठरा वर्षं ऑडिट करतोय, आपली नजर चुकणं शक्य नाही. मूठभर कच्चीच खाल्ली. कडू. ड्रेसिंगने जाईल.

११ जून, पहाटे
बाथरूम.

दुपारी
डॉक्टर म्हणाले, दूध निघतं ते वेगळंच झाड, विषारी. घोळूत नुसतं पाणी. थोडक्यात वाचलात. हिने पिशवी कचऱ्यात ओतली. साडूला फोन करताना रडली. माझ्यासाठी रडली! साडूने रडवून दाखवावं कोणाला.

१२ जून
साडू घोळूचं सूप घेऊन आला. मीठ कमी आहे म्हणालो. ही म्हणाली, मग तिसऱ्यांदा वाटी कशाला पुढे केलीत?

१८ जून, रविवार
सगळे आमच्याकडे. ओट्याशी साडू. मला स्टुलावर बसवून घोळू निवडायला दिली, तीही त्याने आधी तपासलेली. निवडण्यात मात्र माझा हात धरणारा कोणी नाही. हीसुद्धा तेच म्हणाली. म्हणजे म्हणाली नाही, भावोजींचं कौतुक चाललं होतं. पण मध्येच एकदा वळून माझ्याकडे पाहिलं. मी पान कच्चंच तोंडात टाकत नाही ना, ते बघायला.