हिची भाकर

मंगळवार, संध्याकाळ

हिचा रिपोर्ट आला. अन्ननलिकेचा कॅन्सर, तिसरी स्टेज. "घास कधीपासून अडकतो?" डॉक्टरांनी विचारलं. मी म्हणालो, "पंधरा दिवसांपासून." ही हळूच म्हणाली, "न्हाई, दिवाळीपासून. आधी भाकर अडकायची, मग भातबी."

दिवाळीपासून! मला काहून कळलं न्हाई? ही वाळत चालली, तर मी उन्हाळ्यावर ढकललं. तीस वर्षं आमी सगळे जेवून उठल्यावर ही एकटी स्वयंपाकघरात जेवते. मी बाहेरूनच विचारायचो, "जेवलीस का?" "व्हय." मागच्या दारची कुत्री गुबगुबीत झाली म्हणून आमी हसायचो. हिची भाकर खाऊन तशी झाली होती ती. आत्ताही दाराशी वाट बघून राहिली.

आज पहिल्यांदा मी हिच्यासाठी पेज केली, वाटी घेऊन समोर बसलो.

म्हणाली, "तुमी आधी जेवून घ्या."