आधी खोट, मग नारळ

९ जानेवारी

बाबा पुन्हा पडले! त्यांनी नाही सांगितलं — शेजारच्या मटिल्डामावशीने फोन केला. केळीतल्या पाटात पाय गेला म्हणे. "आणि मला सांगतात, चिखल होता. कसला चिखल गो, संपदा? पाट कोरडा होता!"

बाबांना लगेच फोन लावला. "कोण पडलं? कोणी नाय पडलं."

अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस नंदाखालच्या वाडीत एकटा. मी इथे चंदनसारला फ्लॅटमध्ये एकटी. पुरे झालं. त्यांना इकडे आणायचंच.

१० जानेवारी

विचारलं. "बघू," म्हणाले.

झालं! बाबांचं "बघू" म्हणजे नाही. केळी-नारळ सांभाळून आयुष्यभर वाडीवाल्यांच्या सोयरिकी जुळवल्या. नको असलेल्या स्थळाला कधी तोंडावर नकार दिला नाही. "बघू" म्हणाले की समोरचा समजून जायचा. तेच आता मला ऐकवतात. स्वतःच्या मुलीला!

१४ जानेवारी

तिळगूळ द्यायला नंदाखालला गेले. फ्लॅटचा विषय काढला तर बाबा केळीचा घड दाखवायला घेऊन गेले. हट्टी.

सकाळी ऑफिसात जितेशने टोमणा मारलाच. दोघंही फ्लॅटच विकतो, टेबल शेजारी, पण तऱ्हा वेगळी. "ताई, तू फ्लॅट विकतेस की मोडतेस?" कारण मी एका गिऱ्हाइकाला सांगितलं, या बेडरूममध्ये मार्चपासून दुपारी बसवत नाही. जितेश घर दाखवतो संध्याकाळी, वारा सुटल्यावर. मी नेते भर दुपारी.

त्याला काय सांगू, हे माझ्या रक्तातच आहे! बाबा नवऱ्या मुलाचं घर बघायला न सांगता दुपारी जायचे आणि पाणी मागायचे. पाणी कोण आणतं, आतून आवाज कसा येतो, सुनेला कोणी ओरडतं का — पेला रिकामा होईपर्यंत सगळं कळायचं. मग बैठक. बैठकीत आधी खोट. दोन्हीकडची, सगळ्यांसमोर. "गुण काय, लग्नानंतर दिसतात आपोआप. खोट आधी बोला." दोन्हीकडून बोलून झालं आणि तरी कोणी उठलं नाही, की बाबा आपल्या वाडीतला शेंडीचा नारळ मध्ये ठेवायचे. ठरलं! त्यानंतर शब्द फिरवायचा नाही.

माझ्याही तीन स्थळांना माझी खोट त्यांनी इतक्या प्रेमाने सांगितली — तापट आहे, उलट बोलते, भाकरी जाड करते — की तिन्ही उठून गेली. गावभर लग्नं लावली आणि घरचीच राहिली, असं लोक हसतात. मला नाही राग. भाकरी खरंच जाड होते.

१९ जानेवारी

बाबा आले! मटिल्डामावशीच्या मुलाने, एरॉलने, गाडीने आणून सोडलं. "बघायला काय जातंय," म्हणाले, पण इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

मी सकाळपासून घासत होते. पडदे धुतले. पाण्याचे पिंप बाथरूमच्या दाराआड ढकलले. मुद्दाम पाच वाजता बोलावलं, तेव्हा गॅलरीतून झकास वारा येतो. त्यांची खोली दाखवली. स्टेशन जवळ, दवाखाना खाली, देऊळ कोपऱ्यावर, लिफ्ट आहे. वाडीत पाण्याची मोटर एरॉल लावील, तो आनंदाने तयार आहे, आणि दर रविवारी मी तुम्हाला नेईन. थांबलेच नाही मी.

बाबा भिंतीला हात लावत लावत सगळीकडे फिरले. चहा प्यायले. कप टीपॉयच्या अगदी कडेला ठेवला, मी झेलला म्हणून वाचला. त्यांचंही मन थाऱ्यावर नसावं.

मग विचारलं, "खोट काय, या घराची?"

"काही नाही, बाबा! एकदम छान आहे."

बाबांनी चपला पायात सरकवल्या. "छान आहे. बघू."

गेले.

२० जानेवारी

दिवसभर चिडचिड. जितेशवर उगाच ओरडले.

२२ जानेवारी

आज अनुज आणि सलोनीला माझ्याच बिल्डिंगमधला, माझ्या बरोबर खालचा फ्लॅट दाखवला. नवीन लग्न, पहिलं घर. दुपारी दोनला. सवयीने सुरुवात केली — पाणी एक दिवसाआड, तेही पहाटे, पिंपं भरायला उठावं लागतं. मागच्या खोलीत ऊन सरळ आत येतं. लिफ्ट महिन्यातून एकदा तरी रुसते. अंगण नाही, माती बघायची तर कुंडीत...

आणि माझी जीभच अडखळली.

हेच घर! मजला तेवढा वेगळा. परक्या पोरांना सगळं सांगितलं आणि त्या दिवशी बाबांपुढे काय केलं मी? पिंपं लपवली! जितेशसारखी पाचची वेळ दिली! ज्यांनी मला हे शिकवलं, त्यांनाच फक्त गुण दाखवले. त्यांनी ओळखलं नसेल? त्यांनी तर आयुष्यभर तेच ओळखलं.

सलोनी म्हणाली, "मॅडम, काय झालं?" मी म्हटलं, ऊन लागलं.

फ्लॅट त्यांना आवडलाय. आई-वडिलांना घेऊन पुन्हा येणार आहेत, दुपारीच.

२३ जानेवारी

नंदाखालला गेले. न सांगता, भर दुपारी. ओट्यावर बसले आणि पाणी मागितलं. बाबा हसले, आणून दिलं. पेला नीट माझ्या हाताशी येईना, मीच पुढे होऊन घेतला.

म्हटलं, "बाबा, त्या दिवशी मी खोटं वागले. आता खोट ऐका." पाण्याची सांगितली, उन्हाची, लिफ्टची. सकाळी आठला जाते ती रात्री आठला येते, दिवसभर तुम्ही एकटेच असाल. शेजारी दार लावून बसतात, मटिल्डामावशीसारखं कुंपणावरून कोणी हाक मारणार नाही. तंबाखूवरून मी रोज भांडेन. भाकरी अजून जाडच.

"झाली?"

नव्हती झाली. सगळ्यात मोठी राहिली होती. म्हटलं, "तुम्ही पडता म्हणून नेतेय असं मी सगळ्यांना सांगते. ते अर्धंच खरं आहे. दिवसभर लोकांना घरं दाखवते आणि माझ्या घरात शिरले की कोणाचा आवाज नसतो. मला तुम्ही हवे आहात. माझ्यासाठी." बोलताना रडू आलं, तापट बाईचं रडणं म्हणजे सगळ्या वाडीला ऐकू जाणारं.

बाबा उठून जवळ आले. डोक्यावर हात ठेवला. "जेवून जा," म्हणाले.

"बघू" नाही म्हणाले! पण "हो" पण नाही.

२४ जानेवारी

फोन नाही. मीही केला नाही. सोयरिकीत उत्तराची घाई करायची नसते म्हणे. कोणी काढला हा नियम!

२५ जानेवारी

जितेशला बाबांचं सांगितलं. म्हणतो, "ताई, गिऱ्हाईक गेलं समज." आज त्याच्यावर ओरडायचीही ताकद नव्हती.

२६ जानेवारी

दुपारी झेंडावंदनाची जिलेबी खात बसले होते, बेल वाजली. दारात बाबा, मागे पिशवी धरून एरॉल. आत येऊन बसले आणि पाणी मागितलं. पिंपातलं दिलं.

म्हणाले, "तुझी खोट ऐकली. माझी राहिली होती. डाव्या डोळ्याने दिवाळीपासून दिसत नाय मला. पाट दिसला नाय, म्हणून पडलो. तुझं घर मला त्याच दिवशी पसंत होतं, गो. पण स्वतःची खोट झाकून सोयरीक कशी करू?"

आधी मी भांडले. मग रडले. मी उठून गेले नाही हे बघून बाबांनी पिशवीत हात घातला आणि चाचपडत शेंडीचा नारळ टीपॉयवर ठेवला — या वेळी बरोबर मधोमध.